चांगल्या हेतूंची परीक्षा

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने एकेकाळी इलेक्ट्रॉनिक डिझाइनसाठीचा एक प्रोग्रॅम लोकांना दिला, तेव्हा त्याच्या परवान्यात एक अट घातली होती. दक्षिण आफ्रिकेच्या पोलिसांनी हा प्रोग्रॅम वापरायचा नाही. त्या देशात वर्णद्वेषी राजवट होती आणि तिथले पोलीस काय करत होते ते साऱ्या जगाला दिसत होतं. अट घालणाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका घ्यायला जागाच नाही. पुढे 1994 मध्ये ती राजवट गेली, नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले. परवान्यातली ओळ मात्र जागची हलली नाही. ज्यांनी तो प्रोग्रॅम घेऊन त्यावर आपलं काम उभं केलं होतं, त्यांच्या कामालाही ती चिकटून राहिली.

ब्रूस पेरेन्स यांनी 1999 मध्ये ओपन सोर्सच्या व्याख्येवर लिहिताना हे उदाहरण दिलं. मला ते फार मोलाचं वाटतं. एखाद्या कंपनीने स्वार्थापोटी घातलेली अट कुणालाही ओळखता येते. खरा कस लागतो तो सज्जनांनी घातलेल्या अटी वाचताना. परवाना पुरेसा मुक्त आहे की नाही, हे ठरवण्याचं काम गेली अनेक वर्षं काही माणसं मन लावून करत आली आहेत. त्यांना नेमकं काय दिसतं आणि कुठे त्यांचा पाय अडतो, ते या प्रकरणात पाहू.

आधी कायद्याची बाजू. प्रोग्रॅम लिहिला जातो त्या क्षणापासून त्यावर लेखकाचा कॉपीराइट असतो. नोंदणी करावी लागत नाही, हक्क राखीव असल्याचं कुठे छापावंही लागत नाही. आपल्याकडच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1984 साली दुरुस्ती झाली आणि संगणकाचा प्रोग्रॅम साहित्यकृतींमध्ये धरला जाऊ लागला. त्यामुळे कुणी आपला सोर्स कोड इंटरनेटवर ठेवला आणि सोबत काहीच लिहिलं नाही, तर तो वाचता येतो, पण त्यात बदल करून पुढे वाटण्याचा हक्क कुणाला मिळत नाही. हा हक्क देणारा मजकूर म्हणजे परवाना. तो कधी वीस ओळींचा असतो, कधी वीस पानांचा.

घरी बसून प्रोग्रॅम वापरणाऱ्याला या मजकुराशी फारसं देणंघेणं नसतं. वितरण करणाऱ्याला ती चैन परवडत नाही. डेबियनचंच पाहा. पर्ड्यू विद्यापीठातल्या इयन मर्डॉक या विद्यार्थ्याने 16 ऑगस्ट 1993 रोजी हा प्रकल्प जाहीर केला. लिनक्स कर्नल आणि त्याभोवतीचं सॉफ्टवेअर एकत्र बांधून, नीट तपासून लोकांच्या हाती द्यायचं, असं त्याचं स्वरूप. जगभरचे स्वयंसेवक तो चालवतात. 2023 मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीत 64,000 हून जास्त पॅकेजेस होती. डेबियनच्या पायावर उबुंटू उभी राहिली, तिच्यावर आणखी कितीतरी. विद्यापीठं आपल्या सर्व्हरवर डेबियनच्या प्रती ठेवतात, कुणी ती डिस्कवर भरून विकतं, कुणी एखाद्या यंत्रात बसवतं. यांतला कुणीही हजारो परवाने स्वतः वाचत बसत नाही. डेबियनमध्ये कुणीतरी ते आपल्यासाठी वाचले आहेत, या भरवशावर हा सगळा व्यवहार चालतो.

वाचायचे म्हणजे कशाच्या आधारे? सुरुवातीला याचं लिखित उत्तर नव्हतं. आपण समाजाशी एक करार करावा, अशी सूचना ईन शूस्लर यांनी केली. पेरेन्स यांनी मसुदा लिहिला, जून 1997 मध्ये महिनाभर त्यावर ईमेलमधून खल झाला आणि जुलैच्या सुरुवातीला डेबियनने तो स्वीकारला. त्याच करारात मुक्त सॉफ्टवेअरची दहा मार्गदर्शक तत्त्वं आहेत. पुढच्याच वर्षी, म्हणजे 1998 मध्ये, पेरेन्स आणि एरिक रेमंड यांनी ओपन सोर्स इनिशिएटिव्ह ही संस्था काढली आणि डेबियनचे खास उल्लेख गाळून हीच तत्त्वं ओपन सोर्सची व्याख्या म्हणून घेतली. आज जगभर ज्या मोजपट्टीने परवाने मोजले जातात, ती अशी एका स्वयंसेवी प्रकल्पाच्या पोटातून आली आहे.

दहाही तत्त्वं इथे ओळीने सांगत नाही. पुढे वाटता आलं पाहिजे, विकताही आलं पाहिजे, सोर्स कोड मिळाला पाहिजे, बदललेली आवृत्ती त्याच अटींवर देता आली पाहिजे, हा त्यांचा गाभा आहे. ज्याच्या हाती प्रत पडेल त्याला परवानाही आपोआप लागू झाला पाहिजे, नव्याने सही-शिक्का लागता कामा नये. आणि परवाना एकट्या डेबियनपुरता असूनही चालत नाही. "तुम्ही वाटा, हरकत नाही" असं लेखकाने डेबियनला प्रेमाने कळवलं तरी उत्तर नकारच येतं, कारण डेबियनकडून घेणाऱ्याला तो हक्क मिळालेला नसतो.

पाचवं आणि सहावं तत्त्व लोकांना सर्वांत जास्त खटकतं. परवान्याने कोणत्याही व्यक्तीत वा गटात भेदभाव करू नये आणि वापराच्या कोणत्याही क्षेत्रावर बंदी घालू नये, असं ती सांगतात. म्हणजे लष्करालाही वापरू द्यायचं? हो. पेरेन्स यांनी याच मुद्द्यासाठी आणखी एक दाखला दिला होता. गर्भपाताची सोय देणारं केंद्र आणि गर्भपाताला विरोध करणारी संघटना, दोघांनाही तेच सॉफ्टवेअर वापरता आलं पाहिजे. अन्याय रोखायचा तर त्यासाठी कायदे आहेत, न्यायालयं आहेत, आंदोलनं आहेत. परवाना हे त्याचं हत्यार होऊ शकत नाही. ज्यांना रोखायचं ते परवाना वाचून थांबत नाहीत आणि जे प्रामाणिकपणे वाचतात तेच अडकतात.

डग्लस क्रॉकफर्ड यांच्या परवान्याने हे लख्ख दाखवून दिलं. जेसन हा माहिती लिहिण्याचा साधा आराखडा त्यांनी लोकप्रिय केला. तो वाचणारा कोड देताना त्यांनी परवान्यात एका वाक्याची भर घातली: सॉफ्टवेअर चांगल्या कामासाठी वापरावं, वाईट कामासाठी नाही. सामान्य वाचकाला यात वावगं काहीच दिसणार नाही. पण चांगलं आणि वाईट ठरवायचं कुणी? दारूच्या कारखान्यात वापरलं तर ते वाईट काम का? शेअर बाजारात? कत्तलखान्यात? क्रॉकफर्ड यांची भावना निर्मळ असेलही, पण उद्या कॉपीराइट दुसऱ्याच्या हाती गेला तर हे वाक्य नवा मालक वाचेल आणि त्याचा अर्थही तोच लावेल. डेबियनने तो कोड मुक्त मानला नाही. पीएचपी या भाषेतला जेसनचा भाग याच वाक्यापायी बदलावा लागला. पीएचपी 7 मध्ये तो नव्याने लिहिलेला आहे. अपाचे फाउंडेशननेही 2016 मध्ये हा परवाना आपल्या निषिद्ध यादीत टाकला. एका वाक्यासाठी केवढं काम लोकांना पुन्हा करावं लागलं!

तत्त्वं लिहून झाली तरी परवाना त्यांच्याशी ताडून पाहणं सोपं नसतं. त्यासाठी डेबियनच्या लोकांनी तीन काल्पनिक माणसं उभी केली आणि प्रत्येक परवाना त्यांच्या नजरेने वाचायची रीत पाडली. या तीन कसोट्यांना मतदानाचा वा नियमाचा आधार नाही. पॅकेज घ्यायचं की नाही हा प्रत्यक्ष निर्णय डेबियनच्या पॅकेजसाठ्याची जबाबदारी असलेले एफटीपी मास्टर घेतात आणि फारच वाद झाला तर सगळे डेव्हलपर मतदान करतात. तरीही या कसोट्या मला कायद्याच्या पुस्तकांपेक्षा जास्त शिकवून गेल्या.

पहिला माणूस निर्जन बेटावर अडकला आहे. त्याच्याजवळ सौरऊर्जेवर चालणारा संगणक आहे, पण बाहेरच्या जगाशी संपर्क नाही. त्याने प्रोग्रॅम बदलून बेटावरच्या दुसऱ्या माणसाला दिला, तर परवाना मोडतो का? "केलेले बदल मूळ लेखकाला पाठवावेत" अशी अट असेल तर मोडतो, कारण त्याला पाठवणंच शक्य नाही. बेट काल्पनिक असलं तरी ही अडचण रोजच्या जगातली आहे. लेखकाचा पत्ता बदलतो, कंपनी बुडते, ईमेल परत येतो, आणि अट पाळायची इच्छा असूनही पाळता येत नाही.

दुसरा माणूस हुकूमशाहीविरुद्ध लढणारा कार्यकर्ता आहे. आपल्या साथीदारांना तो बदललेला प्रोग्रॅम देऊ पाहतो. आपण कोण, काय बदललं, इतकंच काय हा प्रोग्रॅम आपल्याकडे आहे हेही सरकारला कळू नये, अशी त्याची गरज आहे. ज्याच्या हाती प्रत देतो त्याला सोर्स कोड देण्याची अट तो पाळू शकतो. पण बदल जाहीर करण्याची किंवा स्वतःचं नाव-पत्ता नोंदवण्याची सक्ती त्याच्या जिवावर बेतेल. ॲपलने मार्च 1999 मध्ये काढलेल्या पहिल्या सार्वजनिक परवान्यात बदललेल्या आवृत्तीची खबर ॲपलला देण्याची अट होती. ओपन सोर्स इनिशिएटिव्हने तो परवाना मंजूर केला होता. पेरेन्स आणि डेबियनमधले विखर्ट आकरमान आणि इयन जॅक्सन यांनी मात्र त्यावर जाहीर आक्षेप घेतले. संस्थेचा शिक्का असला तरी परवाना स्वतः वाचायचा असतो, हे या माणसांकडून घेण्यासारखं आहे. ॲपलने पुढे परवाना सुधारला आणि 2003 ची दुसरी आवृत्ती फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननेही मुक्त मानली.

तिसऱ्या कसोटीत माणूस लेखकच आहे, पण बदललेला. समजा त्याची कंपनी एखाद्या दुष्ट बड्या उद्योगाने विकत घेतली आणि नव्या मालकाला हे सॉफ्टवेअर लोकांकडून काढून घ्यायचं आहे. परवाना त्याला तसं करू देतो का? "आम्ही केव्हाही परवानगी मागे घेऊ शकतो" अशी ओळ असेल तर देतो. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या पाइन या ईमेल प्रोग्रॅमचा अनुभव तर याहून बोचरा आहे. वापरा, प्रत करा, बदला, वाटा, असं परवाना सांगतोय असं सगळे धरून चालले होते. मग विद्यापीठाने अर्थ लावला की बदलायला परवानगी आहे आणि वाटायलाही आहे, पण बदललेलं वाटायला नाही. कागदावरचा एक शब्दही हलला नाही, तरी लोकांच्या हातातला हक्क गेला. डेबियनला पाइनची तयार प्रत देणं बंद करावं लागलं. पुढे विद्यापीठानेच पाइनची नवी पिढी अल्पाइन या नावाने, अपाचे परवान्याखाली दिली. आज परवान्यांमध्ये एकच गोष्ट तीन-तीन परींनी लिहिलेली दिसते, त्यामागे असे अनुभव आहेत.

कधी कधी दोन परवाने आपापल्या जागी ठीक असतात, पण एकत्र नांदत नाहीत. मटियास एट्रिख यांनी 1996 मध्ये केडीई हा डेस्कटॉप सुरू केला. केडीई जीपीएल या मुक्त परवान्याखाली होता आणि तो ज्या क्यूटी लायब्ररीवर उभा होता तिचा परवाना ट्रोलटेक कंपनीचा होता. जीपीएल म्हणतो की वाटलेल्या प्रोग्रॅमचा सगळा कोड जीपीएलच्या अटींवर द्या. क्यूटीच्या अटी वेगळ्या होत्या. त्यामुळे दोहोंचं मिळून झालेलं पॅकेज कुणालाच वाटता येत नव्हतं, अगदी दोन्हींच्या लेखकांची मनापासून इच्छा असली तरी. ऑक्टोबर 1998 मध्ये डेबियनने केडीई काढून टाकलं. लोक चिडले. डेस्कटॉप सुंदर होता, वापरणारे खुश होते आणि कुणी दावा ठोकण्याची चिन्हंही नव्हती. पण दावा होणार नाही या आशेवर वितरण करायचं नाही, असं डेबियनने ठरवलं होतं. सप्टेंबर 2000 मध्ये ट्रोलटेकने क्यूटी 2.2 जीपीएलखाली दिली आणि केडीईची वाट मोकळी झाली. तो आग्रह योग्यच होता असं मी मानतो. 2008 मध्ये नोकियाने ट्रोलटेक विकत घेतली, तेव्हा क्यूटी लोकांच्या हातून निसटण्याची धास्ती उरली नव्हती.

सर्वांत अवघड निवाडा आपल्याच माणसांविरुद्ध द्यावा लागला. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ रिचर्ड स्टॉलमन यांची, जीपीएल त्यांचा, फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन त्यांनी स्थापलेली. या फाउंडेशनने माहितीपुस्तिकांसाठी जीएफडीएल नावाचा परवाना काढला. त्यात लेखकाला पुस्तिकेचे काही भाग अपरिवर्तनीय म्हणून राखून ठेवता येतात. ईमॅक्स या मजकूर-संपादक प्रोग्रॅमच्या पुस्तिकेत स्टॉलमन यांचा जीएनयू जाहीरनामा असाच राखलेला आहे. पुस्तिका कितीही बदला, तो भाग जसाच्या तसा सोबत न्यावाच लागतो. स्टॉलमन यांचं म्हणणं असं की मतं म्हणजे कोड नव्हे आणि माझी मतं दुसऱ्याने बदलायचं कारण नाही. यात तथ्य आहे. पण पुस्तिकेतून चार पानांची मदत-फाइल काढायची झाली तरी तो अख्खा जाहीरनामा बरोबर वाहावा लागतो.

डेबियनमध्ये यावर काही वर्षं वाद चालला. एप्रिल 2004 मध्ये सामाजिक कराराचे शब्द बदलले आणि डेबियनमधलं सगळंच, प्रोग्रॅमखेरीज पुस्तिका आणि इतर फायलीही, मुक्त असलं पाहिजे हे स्पष्ट झालं. त्याची अंमलबजावणी लगेच केली असती तर नवी आवृत्ती फार लांबली असती, म्हणून आणखी एक मतदान घेऊन ती पुढे ढकलली गेली. जून 2005 मध्ये ती आवृत्ती निघाली. मार्च 2006 मध्ये निर्णय झाला: अपरिवर्तनीय भाग नसलेली जीएफडीएल पुस्तिका मुक्त, असे भाग असलेली अमुक्त. ईमॅक्सची पुस्तिका डेबियनच्या मुख्य विभागातून उचलून अमुक्त विभागात ठेवली गेली. ज्यांनी मुक्ततेची भाषा शिकवली त्यांच्याच पुस्तिकेवर ही वेळ आली, आणि निर्णय घेणाऱ्यांना ते सुखाचं गेलं नाही. त्यांनी लेखकाचं नाव बाजूला ठेवून फक्त परवाना वाचला, म्हणूनच त्यांच्या इतर निवाड्यांवर माझा विश्वास बसतो.

आजचे वाद क्लाउडभोवती आहेत. मोंगोडीबी कंपनीने ऑक्टोबर 2018 मध्ये आपला डेटाबेस नव्या एसएसपीएल परवान्याखाली आणला. हा डेटाबेस सेवा म्हणून देणाऱ्याने ती सेवा चालवायला लागणारं सारं सॉफ्टवेअर, देखरेखीचं, बॅकअपचं, व्यवस्थापनाचं, उघडं करावं अशी त्यात अट आहे. कंपनीची व्यथा खरी होती. कोड तिने लिहायचा आणि त्यावरची मोठी कमाई क्लाउड कंपन्यांनी करायची, हा व्यवहार न्यायाचा वाटत नाही. पण ही अट एकाच प्रकारच्या व्यवसायावर रोखलेली आहे आणि सहावं तत्त्व तिथेच आडवं येतं. डेबियनने मोंगोडीबी वगळलं, रेड हॅटनेही वगळलं. कंपनीने मार्च 2019 मध्ये ओपन सोर्स इनिशिएटिव्हकडे केलेला मंजुरीचा अर्ज मागे घेतला. इलॅस्टिक या कंपनीने 2021 मध्ये आणि रेडिसने 2024 मध्ये असंच वळण घेतलं. दोन्हींच्या जुन्या मुक्त आवृत्तींवरून ओपनसर्च आणि व्हॅल्की ही नवी कामं उभी राहिली. जुना परवाना मागे घेता येण्यासारखा नव्हता, म्हणूनच हे शक्य झालं. तिसऱ्या कसोटीचा उपयोग तो हाच. पुढे इलॅस्टिकने 2024 मध्ये आणि रेडिसने 2025 मध्ये एजीपीएल या मान्य परवान्याचाही पर्याय दिला.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रतिरूपांनाही हीच मोजपट्टी लागते. मेटाने जुलै 2023 मध्ये लामा 2 खुलं म्हणून जाहीर केलं. परवान्यात मात्र महिन्याला 70 कोटींहून जास्त वापरकर्ते असलेल्या कंपन्यांनी वेगळी परवानगी घ्यावी असं कलम आहे, शिवाय निषिद्ध वापरांची यादी आहे. पहिलं कलम गटात भेद करतं, दुसरं क्षेत्रात. मग जाहिरातीत शब्द कोणताही असो.

मराठीत काम करणाऱ्यांना हा विषय दूरचा वाटू नये. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेले मुक्त आणि बलू हे देवनागरी फॉन्ट आज असंख्य ठिकाणी दिसतात. ते ओएफएल या फॉन्टसाठीच्या परवान्याखाली आहेत. ओएफएलमध्ये दोन अटी आहेत ज्या पहिल्या वाचनात खटकतात. फॉन्ट सुटा विकता येत नाही आणि मूळ नाव राखीव असेल तर बदललेल्या फॉन्टला ते देता येत नाही. तरी डेबियन ओएफएलखालचे फॉन्ट घेतं. पहिल्या तत्त्वाचा आग्रह इतकाच आहे की अनेक प्रोग्रॅमच्या संचाचा एक भाग म्हणून विकता आलं पाहिजे, आणि ओएफएल कोणत्याही सॉफ्टवेअरबरोबर विकू देतो. नावाची अट चौथ्या तत्त्वाने आधीच मान्य केलेली आहे, कारण बदल कुणी केला याचा घोटाळा होऊ नये हा लेखकाचा हक्क आहे. कडक दिसणारा परवाना मोजपट्टीत नेमका बसतो तो असा.

याउलट कितीतरी मराठी शब्दसंग्रह, कीबोर्ड आणि शुद्धलेखन तपासण्याच्या याद्या नुसत्या "मोफत" म्हणून ठेवलेल्या असतात. काहींवर "व्यावसायिक वापरास मनाई" असं असतं. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कुणी लुबाडणारा प्रकाशक असतो, पण त्या मनाईने डेबियनची डिस्क विकणारा दुकानदारही अडतो आणि मराठी विकिपीडियालाही ती सामग्री घेता येत नाही, कारण तिथला मजकूर कुणालाही, व्यवसायासाठीसुद्धा, वापरता येईल अशा परवान्याखाली असावा लागतो. आपलं काम दुसऱ्याने घेऊन झाकून ठेवू नये एवढीच काळजी असेल, तर तिच्यावर जीपीएल आणि क्रिएटिव्ह कॉमन्सचा बीवाय-एसए परवाना हे तयार उपाय आहेत. घ्या, विका, पण पुढे द्याल ते याच अटींवर, असं ते सांगतात. स्वतःच्या शब्दांत नवा परवाना लिहायला बसू नये. वर आलेल्या बहुतेक अडचणी अशाच घरी लिहिलेल्या वाक्यांतून उगवल्या आहेत.

आणि ज्यावर काहीच लिहिलेलं नाही, त्याचं काय होतं? भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइट टिकतो. एखाद्याने वर्षानुवर्षं खपून मराठी शब्दांची यादी केली, आनंदाने सगळ्यांना दिली आणि तो गेला, तर ती यादी दुरुस्त करून वाटायला वारसांना शोधावं लागतं, आणि तो हक्क आपल्याकडे आला आहे हे बहुधा वारसांनाही माहीत नसतं. डेबियनचा स्वयंसेवक अशा यादीच्या लेखकाला पत्र लिहून विचारतो, परवाना कोणता ते कृपया कळवाल का. उत्तर द्यायला लेखक हयात असेल, तर एका ओळीत काम होतं.